हाना तिला

तीन दिवस झाले तरी आभाळ हलत नव्हतं. खटकचिंचोळीच्या शिवारात जिकडंतिकडं सोयाबीन कापून पडलेलं, आणि वर म्हशीच्या पाठीसारखं काळंभोर आभाळ. व्यंकटचं निम्मं रान कापून झालं होतं, निम्मं उभं होतं. कापलेलं भिजलं तर दाणा काळा पडणार, उभं तसंच ठेवलं तर शेंगा तडकून दाणा मातीत जाणार. म्हणून त्यानं चन्नव्वाच्या टोळीला ठोक रकमेवर गुत्तं देऊन टाकलं होतं. दहा बाया सकाळपासून वाकल्या होत्या. व्यंकट आखाड्यावर, रानातल्या घरापाशी, गंजीवर ताडपत्री ओढून कडेनं पहारीनं भोकं पाडत खुंट्या ठोकत होता.

त्याची बायको विजयश्री टोळीच्या बरोबरीनं पात धरून होती. हाताला जुने मोजे चढवले होते, तरी शेंगांची टोकं लोकरीतून आत घुसत. बोटांना भेगा पडल्या होत्या.

"तंगी, पात सुटायली बग," चन्नव्वा पुढून म्हणाली. विजयश्रीला ती कानडीत धाकटी बहीण म्हणूनच हाक मारायची. "ध्यान कुठं हाय?"

ध्यान बाभळीखाली होतं. तिथं हौशी पडली होती. हौशी म्हणजे त्यांच्या आखाड्यावरची कुत्री, चार वर्षांची, तांबूस. रानडुकरांचा कळप तुरीत शिरला की एकटी हुसकून लावायची. तिच्या पाच पिलांतली दोन उरली होती, एक काळं, एक तांबडं, अडीच महिन्यांची. दसऱ्याच्या आधी हौशीच्या डोळ्यांना चिपडं यायला लागली, नाकातून पिवळं गळायला लागलं. विजयश्रीनं मिठाच्या कोमट पाण्यानं तिचे डोळे पुसले, सासूनं हळद लावली. आठ दिवसांत कुत्री पुन्हा भाकरी खायला लागली, तेव्हा सगळ्यांनीच ते मनातून काढून टाकलं. पण चार दिवसांपासून हौशीचं उजवं कानशील उडत होतं. कातडीखाली किडा वळवळावा तसं. झोपेतसुद्धा थांबत नव्हतं.

चहाची वेळ झाली. बाया बाभळीकडं निघाल्या आणि तेवढ्यात हौशी आडवी झाली. चारी पाय ताठ. जबडा आपोआप चालू झाला. तोंडात काही नसताना काहीतरी चघळावं तसा. पांढरा फेस जिभेवरून मातीत गळायला लागला.

"हुच्च नायी!" एक बाई किंचाळली. "पिसाळलं! पळा गं!"

विळे टाकून बाया पांगल्या. कुणाची घागर कलंडली. चन्नव्वा ढेकळात पडली, उठली, पुन्हा पडली. आणि हौशी उठली. पाय फाकलेले, मान एका बाजूला. तिला काही दिसत नसावं. बाभळीच्या बुंध्याला थडकली आणि तिथून जी सुटली ती सरळ विहिरीच्या वाटेनं. त्या वाटेवरून विजयश्रीची लेक स्नेहा दोन्ही हातांत पाण्याची कळशी धरून येत होती. सहा वर्षांचं लेकरू. कळशी सांडू नये म्हणून खाली बघून चाललेलं.

"हाना!" कुणीतरी ओरडलं. "हाना तिला! हाना!"

आवाज फाटका होता, बाईचा होता. तो आपलाच आहे हे विजयश्रीला तोंड मिटल्यावर कळलं.

व्यंकट गंजीकडून धावत सुटला. पहार हातातच होती. पहिला घाव पाठीवर बसला, हौशी मागच्या पायांवर बसली. दुसरा डोक्यात. तिसरा कशासाठी मारला ते त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. स्नेहा चार हातांवर उभी होती. कळशी तशीच धरलेली. हौशीचं शेपूट थोडा वेळ जमिनीवर आपटत राहिलं, मग तेही थांबलं.

पलीकडच्या रानातलं मळणीचं मशीन तेवढं चालू होतं.

"छलो आयतु, अण्णा," शेवटी चन्नव्वा म्हणाली. लुगड्याची माती झटकत तिनं बायांकडं पाहिलं. "लेकरू वाचलं. बरं केलास."

विजयश्रीनं स्नेहाला मांडीवर ओढलं. पाय पाहिले, पोटऱ्या पाहिल्या, बोटं फाकवून पाहिली. दात कुठं लागला नव्हता. मग ती कुणाला उद्देशून न बोलता म्हणाली, "हौशीला तर पिसाळायचं इंजेक्शन दिलं हुतं. गेल्या श्रावणात. मीच नेलं हुतं दोरी लावून."

आखाड्यातून धावत आलेल्या सासूनं, सुमनबाईनं, तिच्या दंडाला धरलं. "आता कामून बोलायलीस ते? गप बस."

बायांनी त्या दिवशी पुढची पात धरली नाही. रक्ताचे शिंतोडे उडालेल्या पेंढ्यांना कुणी हात लावेना. त्यांनी आपापल्या बाटल्यांतल्या पाण्यानं हात धुतले. व्यंकटच्या रांजणाकडं एकीनंही पाहिलं नाही.

व्यंकटनं खड्डा खणायला घेतला होता. पण कुत्री गोठ्यातल्या गव्हाणीत तोंड घालायची, म्हणून गाईंना काही होईल का, असं विचारायला त्यानं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. तिकडून आधी प्रश्न आला, "पुरलं का?" तो नाही म्हणाला. "मग पुरू नका. हात लावू नका. मी येते."

डॉक्टर जयंती तासाभरात आली. नौबादची, तिशीतली, कामाला करडी. गाडीवरून उतरताच हातमोजे चढवले, तोंडाला पट्टी बांधली आणि हौशीजवळ उकिडवी बसली. डोळ्याची पापणी वर केली. नाकावरची खपली बघितली. मग पुढचा पंजा उचलून तळव्यावर बोट दाबलं. तळवा लाकडासारखा टणक होता. तिनं पुन्हा दाबलं.

"चालताना नखांशिवाय आवाज यायचा का हिच्या पायांचा?"

"यायचा," विजयश्री म्हणाली. "शहाबादी फरशीवर टकटक वाजायचं. मला वाटलं नखं वाढली."

"मधे आजारी होती? डोळे, नाक?"

विजयश्रीनं सगळं सांगितलं. चिपडं, हळद, भाकरी, उडणारं कानशील. जबडा चघळत होता हेही सांगितलं. जयंती ऐकत राहिली, पंजा तिच्या हातातच होता.

"मला वेगळीच शंका येतेय," ती म्हणाली. "पण शंकेवर माणसाचा जीव ठेवत नसतात. डोकं बीदरला तपासायला पाठवावं लागंल. तोवर पिसाळलेलीच समजा. लाळ कुणाकुणाला लागली?"

विजयश्रीनं हात पुढं केले. भेगा पडलेले, सकाळीच हौशीचं तोंड पुसलेले.

"आधी साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. मग आजच्या आज भालकीचा सरकारी दवाखाना. तुम्ही, अण्णा, पोरगी, आजी, सगळे. उद्या न्हाई. आज." मग तिला आखाड्याच्या कोपऱ्यातली पिलं दिसली. "त्यांना कोंडा. उघड्या हातानं शिवू नका, वाटी काठीनं सरकवा. आणि मारू नका. कुणी कितीही सांगू दे."

डोकं काढायचं काम तिनं स्वतःच केलं. सुमनबाईनं स्नेहाला आत नेऊन दार लावलं. व्यंकट तोंड फिरवून तुरीकडं बघत उभा राहिला. दोन्ही हात त्यानं काखेत दाबून धरले. विजयश्री मात्र बघत राहिली. नजर हलवता येईना. सुरीचा आवाज तिला पुढं कितीतरी दिवस कणीक तिंबताना, शेंगा सोलताना ऐकू येत राहिला. जयंतीनं पिशवी, पिशवीवर पिशवी, बर्फाचा डबा असं बांधून गाडीला अडकवलं आणि जाताना म्हणाली, "ताई, धुवा ना हात."

दुसऱ्या दिवशी दूध संकलनावरच्या माणसानं व्यंकटचं कॅन लांबूनच बघितलं. "आठ दिवस तुमचं दूध ऱ्हाऊ द्या, अण्णा. लोक इचारायलेत." व्यंकटनं कॅन उचललं. परत येऊन त्यानं दूध उकिरड्यावर ओतलं. टोळी आली नाही. चन्नव्वानं निरोप पाठवला की बायांना दुसरीकडं गुत्तं लागलंय.

मग तिघांनीच रान धरलं. व्यंकट, विजयश्री आणि साठीची सुमनबाई. आभाळ फाकलं होतं आणि कडक ऊन पडलं होतं, त्यानं उभ्या शेंगा दुपारपर्यंत फटाफट तडकायला लागत. म्हणून झुंजुरकाळीच विळा हातात घ्यायचा, दवाच्या ओलाव्यात होईल तेवढं कापायचं, अकराला थांबून कापलेलं गोळा करायचं. दंडावर सुई टोचलेली जागा ठणकायची. सुमनबाई बसून कापायची, सरकायची, पुन्हा कापायची. गुडघ्याला तिनं गोणपाट बांधलं होतं. गावातलं कुणी बांधावरून गेलं तर तिथूनच ओरडून विचारायचं, "पिलं ठिवलीत म्हणं अजून? कामून? त्यांचं बी आटपून टाका की!"

"डॉक्टरीणबाईनं नगं म्हणलंय," व्यंकट मान वर न करता सांगायचा.

"एका घावाचं काम हाय. तुला काय जड?"

तो विळा चालवत राहायचा. विजयश्रीला त्याच्या मानेवरची शीर तेवढी दिसायची.

तिसऱ्या दिवशी गोठ्याच्या खोलीतून ढास ऐकू आली. काळं पिलू खोकत होतं. चौथ्या दिवशी तांबड्याच्या डोळ्यांना चिपडं आली. विजयश्री दाराच्या फटीतून बघत उभी राहिली. हेच तिनं आधी पाहिलं होतं. असंच.

सहाव्या दिवशी साडेअकराला फोन आला. व्यंकट पेंढ्या उचलत होता, म्हणून तिनंच घेतला.

"ताई, मी जयंती. रिपोर्ट आला. पिसाळलेली नव्हती हौशी."

विजयश्रीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकताय ना? घाबरायचं कारण न्हाई आता. दवाखान्यात रिपोर्ट दाखवा, पुढच्या सुयांचं ते सांगतील. तिला डिस्टेंपर झाला होता. कुत्र्यांतला गोवर म्हणा हवं तर. माणसाला होत न्हाई, गाईला होत न्हाई. आधी डोळे, नाक, खोकला. मग बरं झाल्यासारखं वाटतं आणि तोवर तो मेंदूत चढलेला असतो. तो फेस, ते चघळणं, ती फिट होती. कुणाला चावायला धावत नव्हती ती. तिला कुठं जायलोय तेच कळत नव्हतं."

"पर इंजेक्शन दिलं हुतं की," विजयश्री म्हणाली.

"ते पिसाळण्याचं. त्यानं त्याचं काम केलं. ह्याचं वेगळं असतं, पिलू दीड-दोन महिन्यांचं असताना द्यायचं, मग तीन-चार आठवड्यांनी परत, असं दोन-तीनदा, मग वर्षाला. तुम्हाला कुणी सांगितलं नसणार." मग ती म्हणाली, "मी तिथं असते तर लांबून मलाबी तीच शंका आली असती, ताई. फक्त मी पोरगी उचलली असती आणि आखाड्याचं दार लावून घेतलं असतं."

फोन ठेवल्यावर विजयश्री जिथं होती तिथंच बसली. ऊन चढलं होतं. आजूबाजूला शेंगा तडकत होत्या, टप, टप, दाणे तिच्या पाठीवर उडत होते. व्यंकट पेंढी खांद्यावर घेऊन आला.

"काय म्हणल्या?"

त्यानं पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पिसाळली नव्हती."

व्यंकटनं पेंढी खाली ठेवली नाही. तशीच खांद्यावर घेऊन उभा राहिला, कितीतरी वेळ. मग चालत गंजीपर्यंत गेला, पेंढी नीट रचली आणि गंजीच्या पलीकडं जाऊन भडभडून ओकला. सुमनबाई विळा टाकून त्याच्याकडं धावली. विजयश्री तिथंच बसून होती. आवाज तिच्या डोक्यात घुमत होता. हाना तिला. हाना. सहा दिवस तिनं तो गाडून टाकला होता, लेकरासाठी ओरडले, आई हाय, कुणीबी ओरडली असती. आता तो उघडा पडला.

गावात बातमी गेली. दोन दिवसांनी चन्नव्वा बांधावर आली, एकटीच. तिच्या कमरेला विळा होता.

"कळालं," ती म्हणाली. "मी न्हाई म्हणलं हां मार म्हणून. मी तर ढेकळात पडले हुते. व्यंकटअण्णा जरा दम धरला असता तर..."

"चन्नक्का—" विजयश्री बोलायला गेली.

"ऱ्हाऊ दे," व्यंकट मधेच म्हणाला. "माझंच चुकलं, अक्का. दम निघाला न्हाई मला."

चन्नव्वानं कमरेचा विळा चाचपला. मग हळूच म्हणाली, "आमचा मोत्या खोकायलाय चार दिस झालं. त्याला घेऊन कुठं जावं?"

व्यंकटनं जयंतीचा नंबर दिला. चन्नव्वाला वाचता येत नव्हतं, म्हणून तिच्या फोनमध्ये स्वतःच टिपून दिला. ती गेली नाही. न सांगता पदर खोचून तिनं उरलेल्या पातीला हात घातला आणि दिवस कलेपर्यंत कापत राहिली.

जयंती आता एक दिवसाआड यायला लागली. आधी तिनं गावातली धडधाकट कुत्री धरून धरून टोचली, मग आखाड्यावर आली. "ह्याला मारणारं औषध न्हाई," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. "आपण फक्त पिलाला उभं धरायचं. लढायचं त्यालाच हाय." तिनं कातडीखाली सलाईन दिलं, खोकल्यासाठी सुया दिल्या. बाकीचं काम विजयश्रीवर आलं. दर दोन तासांनी भाताची पातळ पेज, सुई काढलेल्या सिरिंजनं, गालाच्या कडेनं, थेंब थेंब. डोळे उकळलेल्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं. नाकाची खपली भिजवून सोडवायची. खोली ब्लीचिंग पावडरनं धुवायची, बाहेर येताना चप्पलसुद्धा. रानातून येऊन ती विळा ठेवायची आणि थेट तिथं जाऊन बसायची.

व्यंकट दाराशी यायचा, पण आत पाय टाकायचा नाही. एका दुपारी ती काळ्याला पेज पाजत होती आणि तो चौकटीला टेकून उभा होता, तेव्हा ती वर न बघता म्हणाली, "मी वराडले हुते."

"व्हय."

"तुमाला आठवतंय?"

"तुझा आवाज वळकत न्हाई का मला?"

पेज पिलाच्या नाकावर सांडली. "मग तुमी कुणाला सांगितलं कामून न्हाई? आत्याबाईला न्हाई, चन्नक्काला न्हाई. सगळं गाव तुमालाच बोलायलंय."

"काय सांगू?" तो म्हणाला. "पहार माझ्या हातात हुती."

तो आत आला. पहिल्यांदाच. तिच्यासमोर उकिडवा बसला आणि काळ्याचं डोकं दोन बोटांत धरलं, पेज सांडू नये म्हणून. त्याची बोटं जाड, काळवंडलेली, नखात सोयाबीनची भुकटी. पिलानं ती बोटं हुंगली आणि ते पेज गिळायला लागलं.

काळं तरलं. बाराव्या दिवशी ते भाकरीच्या तुकड्यामागं लटपटत गेलं आणि सुमनबाई मोठ्यानं हसली, घरातलं किती दिवसांनंतरचं हसू. पण त्याच संध्याकाळी तांबड्याचं कानशील उडायला लागलं.

विजयश्रीनं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा जबडा चालू झाला. दुपारपर्यंत चार वेळा, मग तासाला एकदा, मग एक फिट संपायच्या आत दुसरी. मधल्या वेळात ते किंचाळायचं, ओळखायचं नाही, भिंतीत डोकं घालून उभं राहायचं. जयंतीनं फिटची सुई दिली. एक दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि आता मागचे पाय गेले होते.

जयंती फरशीवर बसली होती.

"ह्याच्यापुढं माझ्याकडं काही न्हाई," ती म्हणाली. "दोन-चार दिवस असंच काढंल, मग जाईल. न्हाईतर एक सुई हाय. झोप लागते, आणि झोपेतच संपतं. ते तुम्ही ठरवा. मी सांगणार न्हाई."

तिनं व्यंकटकडं बघितलं. व्यंकटनं बायकोकडं बघितलं.

"ती सांगंल," तो म्हणाला.

तो तिला टोचून बोलला नव्हता, तसं त्याच्या डोळ्यांत काही नव्हतं. घरात हे पिलू हातात धरलं होतं तिनं, म्हणून तिला विचारलं होतं, एवढंच. पण तिच्या कानात तोच फाटका आवाज वाजला आणि तिला वाटलं, पुन्हा तोंड उघडायचंच नाही, जन्मभर उघडायचं नाही. तांबडं तिच्या पायाशी होतं. त्याचा जबडा चालू होता. फेसात रक्त होतं, जीभ चावली गेली होती.

तिनं पदर पसरला, पिलू उचलून मांडीवर घेतलं. ते ताठलेलं होतं, उकडलेल्या रताळ्यासारखं गरम. फिट ओसरेपर्यंत ती त्याच्या पोटावर हात ठेवून बसली. घाई केली नाही. जयंती थांबली होती, व्यंकट थांबला होता. बाहेर सुमनबाई स्नेहाला काहीतरी सांगून विहिरीकडं घेऊन गेली.

फिट ओसरली. पिलू धापा टाकत पडलं. त्याचे डोळे उघडे होते आणि विजयश्रीकडं बघतायत की नाही ते कळत नव्हतं. तिनं वाकून नीट बघितलं, मग जयंतीकडं मान वळवली.

"द्या," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की जयंतीनं पुन्हा विचारलं. विजयश्रीनं पुन्हा सांगितलं, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि सुई टोचायला सोपी जावी म्हणून पिलाचा पुढचा पाय आपल्याच हातानं सरळ करून धरला.